दर शुक्रवारी विचारण्यात आलेल्या माझ्या भावना

सर्व सुज्ञ व सहृदय वाचकांस नम्रतापूर्वक विदित करण्यात येते की, बालाघाट येथील हंसध्वज राईस मिलचा हॉलंड देशातील एका कंपनीत विलय झाला असता, त्या मिलच्या व्यवस्थापकाच्या अंतःकरणात ज्या घडामोडी झाल्या, त्यांचे यथातथ्य निवेदन पुढील पृष्ठांत करण्यात येईल. सदर व्यवस्थापक म्हणजे मीच होय. यंत्रांचे काय झाले ते वर्तमानपत्रात छापून आले. मिलचे मालक शेठजी यांचे काय झाले तेही सर्वांस ठाऊक आहे. ते रायपूरला मुलाकडे गेले व सुखात आहेत. अंतःकरणाविषयी मात्र कोठेही एक ओळ आली नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा खटाटोप आहे.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत पूर्ण झाले असून दहावीत मी वर्षभर उपस्थित होतो. त्यानंतरचे सर्व शिक्षण मी सार्वजनिक वाचनालयात व धानाच्या पोत्यांवर बसून घेतले. सबब भाषेत कोठे उणीव आढळल्यास ती माझी समजावी, आणि कोठे सौंदर्य आढळल्यास तेही माझेच समजावे. कारण दुसऱ्या कोणाचे साहाय्य घेतलेले नाही. कन्या ज्योत्स्ना हिला हे वाचावयास दिले असता ती तीन ठिकाणी हसली. त्या तिन्ही ठिकाणी मी दुःखी होतो, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले. ती म्हणाली, "बाबा, इसीलिए तो हँसी आ रही है." नवी पिढी मराठीत वाचते व हिंदीत हसते, त्याला इलाज नाही.

कंपनीचे नाव उच्चारण्यास कठीण आहे, म्हणून मी तिला केवळ कंपनी म्हणेन. तिने एकाच दिवशी दोन मिला घेतल्या, एक आमची व दुसरी तुमसरची. कागदोपत्री यास 'सीमापार विलीनीकरण' असे नाव होते. आम्हांला वाटले, कटंगीच्या पुढे महाराष्ट्राची हद्द लागते, तिच्याविषयी हे असावे. कारण त्या हद्दीपलीकडे धान नेताना जितके कागद दाखवावे लागतात, ते पाहता तिला सीमा म्हणणे योग्यच आहे. हॉलंडचा संदर्भ नंतर समजला.

ऑगस्टच्या अखेरीस कार्यालयाच्या ज्या भिंतीवर शेठजींच्या वडिलांची हार घातलेली तसबीर होती, तेथे एक पांढरा पडदा टांगून त्यावर चौकोन दाखवण्यात आले. सर्वांत वर हॉलंडच्या हेंड्रिक साहेबांचा चौकोन. त्याखाली गुरुग्रामच्या प्रियंका मॅडमचा. त्याखाली एकच चौकोन होता व त्यात लिहिले होते, 'व्यवस्थापक, बालाघाट व तुमसर. नाव निश्चित व्हावयाचे आहे.' मिला दोन, व्यवस्थापक दोन, चौकोन एक. गणिताने मला शाळेत फार छळले, परंतु हे गणित मला पाहताक्षणी सुटले.

तुमसरचे व्यवस्थापक म्हणजे हेमराज टेंभरे. मूळचे कटंगीचे, वयाने माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि अतिशय मितभाषी. आठवडी बाजारात भेटले तर 'रामराम' म्हणतात, आणि पुढच्या आठवडी बाजारापर्यंत तेवढ्यावर भागवतात. अशा मनुष्याशी माझी स्पर्धा लागली. सव्वीस वर्षे मी ज्या खुर्चीवर बसलो तिचे नाव निश्चित व्हावयाचे होते, आणि ते दिवाळीनंतर होणार होते.

प्रियंका मॅडम आम्हांस संगणकावर दर्शन देत. त्या खांद्यापर्यंतच दिसत, परंतु तेवढ्यावरूनही स्वभावाने मायाळू वाटत. त्यांनी सांगितले की, विलीनीकरणात यंत्रापेक्षा व्यवस्थापकाचे मन अधिक कष्ट सोसते, आणि कंपनीस त्या मनाची चिंता आहे. म्हणून दर शुक्रवारी सायंकाळी पाचच्या आत प्रत्येक व्यवस्थापकाने 'भावना-पत्रक' भरून पाठवावयाचे. एक ते दहापैकी अंक द्यावयाचा. एक म्हणजे अत्यंत दुःखी, दहा म्हणजे अत्यंत आनंदी. त्याखाली कारण लिहावयाचे.

"और लांजेवार जी, बिलकुल सच लिखिएगा. इसमें कोई जवाब गलत नहीं होता."

ज्या परीक्षेत कोणतेही उत्तर चुकत नाही अशी परीक्षा मला आयुष्यात प्रथमच भेटत होती. ती दहावीत भेटली असती तर हे निवेदन कदाचित कलेक्टर कचेरीतून लिहिले गेले असते.

पहिल्या शुक्रवारी पत्रक उघडण्यातच दुपार गेली. त्यास एक गुप्त संकेतशब्द लागे. त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा व एक चिन्ह असणे अनिवार्य होते. मी कुलदेवतेचे नाव लिहिले. 'कमजोर' असा शेरा आला. कुलदेवतेविषयी असा शेरा वाचून मी काही काळ खिन्न बसलो. अखेर ज्योत्स्नाने कसलासा सशक्त शब्द घातला व पत्रक उघडले. समोर दहा तोंडे होती, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मी क्षणाचाही विलंब न लावता दहाव्या तोंडावर बोट ठेवले.

कोणी म्हणेल, हे असत्य झाले. तसे नाही. आपल्याकडे वरिष्ठाने 'कसे आहात' असे विचारले असता 'आपल्या कृपेने सर्व ठीक' असे सांगण्याची रीत आहे. तो प्रश्न उत्तर मिळवण्यासाठी विचारलेला नसतो. एकदा पोते अंगावर पडून माझा हात मोडला होता. प्लास्टर गळ्यात अडकवून कामावर गेलो, तेव्हा शेठजींनी विचारले, "कैसे हो प्रेमलाल?" मी म्हणालो, "बढ़िया, सेठजी." ते पुढे गेले, मीही पुढे गेलो. सव्वीस वर्षे आमचा व्यवहार अशाच सभ्यतेने चालला. तीच सभ्यता मी हॉलंडशी पाळली. सात शुक्रवार मी दहा अंक दिले आणि कारणात लिहिले, 'आपल्या कृपाछत्राखाली सर्व कुशल असून आपले कुशल इच्छितो.'

त्या सात आठवड्यांत काय काय घडले, तेही येथे नमूद करतो. फाटकावरील हंसाचे चित्र उतरवून भंगारात टाकण्यात आले व तेथे एक निळे वर्तुळ लागले. वजनकाट्यावरचा भरत, गोदामातला प्रत्येक माणूस, येता जाता मला एकच प्रश्न विचारी, "साहेब, आपलं काय होईन जी?" आणि मी म्हणे, "सर्व ठीक होईल." एकदा कोंढ्याच्या, म्हणजे धानाच्या तुसाच्या, ढिगामागे जाऊन मी दहा मिनिटे उभा राहिलो. बाहेर आल्यावर डोळे लाल का, असे महागूने विचारले. महागू हा आमचा धान पारखणारा, मिलमधला सर्वांत जुना माणूस. दाणा दाताखाली धरून त्यातली ओल सांगतो. मी म्हणालो, कोंढा गेला. तो म्हणाला, "कोंढा सगळ्याइच्याच डोळ्यात जाऊन राह्यला, साहेब."

आठव्या आठवड्यात प्रियंका मॅडमचा फोन आला. स्वर मायाळूच होता.

"लांजेवार जी, दस में से दस? लगातार सात हफ्ते? चौदह देशों में हमारा सबसे ऊँचा नंबर साढ़े सात है, और वो आदमी अगले महीने रिटायर हो रहा है. सिस्टम कह रहा है आप अपनी भावनाएँ छुपा रहे हैं."

माझ्या गोदामातल्या बारीक तांदळात कोणी जाड तांदूळ मिसळल्याचा आरोप करावा, तसे मला झाले. मी म्हणालो, "मॅडम, हमने कुछ नहीं छुपाया." त्यांनी दीर्घ श्वास घेतला व सांगितले की, असेच छुपाना चालू राहिल्यास निवड समितीवर त्याचा प्रतिकूल परिणाम होईल.

त्या दिवशी संध्याकाळी मी शेजारचे चैतराम मेश्राम यांच्याकडे गेलो. ते सिंचन खात्यातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले असून संपूर्ण वॉर्डातील अर्ज त्यांच्या नजरेखालून जातात. त्यांनी चष्मा पुसला, माझी सातही पत्रके ज्योत्स्नाच्या मोबाईलवर वाचली, आणि मोबाईल उलटा ठेवला.

"लांजेवार भाऊ, तुमी हे काय लिवून ठेवलं?"

"सर्व कुशल आहे, असे लिहिले."

"म्हंजे मले काही नोको, असं लिवलं. चौतीस वर्सं नोकरी केली मी. जे फाईल रडते तिलेच मंजुरी भेटते. हासऱ्या फाईलले कोणी हात नाही लावत. त्या टेंभऱ्यानं काय लिवलं असन? रडला असन तो, पोट भरून रडला असन!"

"हेमराज? तो तर बोलतही नाही."

"न बोलणारे लय रडते, भाऊ. तुमी एक लिवा. अन कारण असं लिवा का गोऱ्या साहेबाच्या डोळ्यात पानी आलं पाह्यजे."

घरी येऊन मी कागद घेऊन बसलो. माझी धर्मपत्नी पुष्पलता मेथी निवडत होती. तिने दोन-तीनदा माझ्याकडे पाहिले व अखेर विचारले, "काय लिवून राह्यले जी?"

"माझ्या भावना."

"कोणाले?"

"हॉलंडला."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "सव्वीस वर्सं झाले लग्नाले. घरात कधी सांगतलं नाही मनात काय हाये ते. अन त्या गोऱ्याले चार पानं लिवून राह्यले?"

मी लिहीत राहिलो. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. पहिल्या पानावर मी चैतरामजींच्या सल्ल्याने रडत होतो. दुसऱ्या पानावर मला सल्ल्याची आठवण राहिली नाही. तिसऱ्या पानावर मी हंसाच्या चित्राविषयी लिहिले. भंगारवाल्याने ते पायाने दुमडून हातगाडीवर टाकले, ते लिहिले. चौथ्या पानावर मला आढळले की, मी जे जे खोटे लिहावयास बसलो होतो ते सर्व खरे आहे.

ज्योत्स्नाने ती चार पाने पत्रकात उतरवली. परंतु पत्रकात कारणासाठी तीनशे अक्षरांचीच जागा होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते. तीनशे अक्षरांनंतरचे सर्व यंत्राने आपोआप गाळले. पत्रलेखनाच्या नियमानुसार मी आरंभी संचालक मंडळास वंदन, नंतर हेंड्रिक साहेबांच्या प्रकृतीची विचारपूस, नंतर त्यांच्या कुटुंबातील लहानथोरांस यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद लिहिले होते. तीनशे अक्षरे तेथेच संपली. म्हणजे हॉलंडला पोहोचले ते असे: अंक एक, अत्यंत दुःखी, आणि कारण, आपल्या मुलाबाळांस आशीर्वाद.

सोमवारी सकाळी आदेश आला. अंक दोनपेक्षा कमी आल्यास त्या व्यवस्थापकास पंधरा दिवसांची सक्तीची विश्रांती, असा कंपनीचा नियम होता. नोव्हेंबर महिना, नवे धान येण्याचे दिवस, बैलगाड्या व ट्रॅक्टरांची रांग परसवाड्याच्या रस्त्यापर्यंत, आणि मला विश्रांती! तेवढे दिवस तुमसरचे टेंभरे दोन्ही मिला पाहतील, असेही त्यात होते. ते वाचून माझा अंक शून्यावर गेला, परंतु पत्रकात शून्याची सोय नव्हती.

शिवाय विश्रांतीसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र आवश्यक होते. मी एका खाजगी डॉक्टरांकडे गेलो. दीड तासाने माझा क्रमांक लागला.

"क्या तकलीफ है?"

"दुःख आहे."

"कहाँ?"

मी छातीवर हात ठेवला. त्यांनी तत्काळ मला झोपवून हृदयाचा आलेख काढला. आलेख सरळ व सुंदर आला. मग त्यांनी विचारले, ताप? खोकला? संडास? मी सर्वांस नकार दिला व विलीनीकरणाचा वृत्तान्त प्रारंभापासून सांगू लागलो. बाहेर चौदा रोगी बसले होते. त्यांनी हात वर करून मला थांबवले, 'अशक्तपणा' असे लिहिले, व बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. माझ्या शोकाचे सरकारमान्य नाव अशक्तपणा आहे, हे त्या दिवशी मला कळले.

विश्रांतीचा तिसरा दिवस बुधवार होता. पुष्पलतेने मला भाजीसाठी बाजारात पिटाळले, कारण घरात दिवसा बसलेला नवरा तिला सहन होत नव्हता. मी गेलो आणि इकडे फुले आली.

दुःखी मनुष्यास फुले पाठवून त्याचे मन प्रसन्न करावे, अशी हॉलंडची रीत आहे. उत्तम रीत आहे. कंपनीने गोंदियाच्या एका फुलवाल्यास फोनवरून आज्ञा केली होती. त्याने स्वतःच्या समजुतीने पांढऱ्या शेवंतीचे एक प्रचंड वर्तुळ बांधले, त्यावर चंदेरी फीत लावली, आणि एका मनुष्याच्या गळ्यात अडकवून त्याला स्कूटरवर रवाना केले. तो मनुष्य पत्ता विचारण्यासाठी प्रथम मिलवर गेला. "लांजेवार साहब का घर किधर पड़ेगा? ये फूल पहुँचाना है."

फुलांचा आकार पाहून त्याला कोणीही पुढचा प्रश्न विचारला नाही.

आमच्या मिलमध्ये यंत्र दोनच प्रसंगी बंद ठेवतात. दसऱ्याच्या पूजेला, व मिलमधील कोणी दगावल्यास. महागूने टोपी काढली, मुख्य खटका पाडला, आणि यंत्राच्या नोंदवहीत बंद करण्याचे कारण लिहिले, 'मॅनेजर साहेब वारले.' मग मिलमधली सर्व माणसे अनवाणी माझ्या घराकडे निघाली.

इकडे स्कूटर आमच्या गल्लीत शिरताच गोदाबाईने ती पाहिली. गोदाबाई आमच्या वॉर्डातील प्रत्येक मृत्यूस प्रथम उपस्थित असते व रडण्याचा आरंभ तिच्याच हातून होतो. कोण गेले याची चौकशी ती नंतर करते. तिने आमच्या अंगणात बसकण मारली व सूर लावला. "अरे माह्या देवाऽ, सोन्यासारखा मानूस नेला व मायऽ!" चार बायका धावल्या. पुष्पलता मागच्या परसात कपडे वाळत घालत होती. तिने पुढे येऊन पाहिले, तर स्वतःच्या दारात रडणाऱ्या बायका, पांढरी फुले, आणि मी तासाभरापूर्वी बाजारात गेलेलो.

ती मटकन खाली बसली, एवढेच मला नंतर सांगण्यात आले. पुढचे मला कोणी सांगत नाही, व मी विचारत नाही.

मी गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा घरासमोर गर्दी होती. माझ्या मनात आले, चैतरामजी गेले असावेत. तेवढ्यात चैतरामजीच गर्दीतून वळले. त्यांनी मला पाहिले, माझ्या हातातील पिशवीकडे पाहिले, आणि पिशवीतून बाहेर आलेल्या मुळ्याकडे पाहिले.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "तुमी इकडे कसे?"

गर्दी दुभंगली. रडणे थांबले. गोदाबाईने पदर डोळ्यांवरून काढला व अत्यंत दुखावलेल्या स्वरात विचारले, "तुमी जित्ते हा? मंग मेलं कोण?"

"कोणीही नाही," मी म्हणालो.

"मंग फुलं काहून?"

"कंपनीने पाठवली. मला दुःख झाले म्हणून."

"दुख कायचं?"

समोर चाळीस-पन्नास माणसे होती. मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तेवढ्यात पुष्पलता उठली. तिचे केस सुटले होते. ती माझ्याजवळ आली, तिने माझ्या तोंडाकडे इतका वेळ पाहिले की मला खाली पाहावे लागले, आणि मग तिने माझ्या हातातील पिशवी हिसकावली. "टमाटर आनले का नाही?" ती म्हणाली, व घरात निघून गेली.

यानंतर एक निराळाच पेच उद्भवला. मयताच्या घरी चूल पेटत नाही व पाहुण्यास चहा विचारत नाहीत. परंतु येथे मयत कोणीही नव्हते, आणि दारी आलेल्या माणसास चहावाचून परत पाठवणे हा अपमान ठरतो. गोदाबाईनेच निर्णय दिला, "नाही मेलं कोणी, त चहा त मांडा व बाई! घसा सुकून गेला रडू रडू." तीन घरांतून दूध मागवण्यात आले. माणसे अंगणात बसली, आणि हळूहळू, कोणी न ठरवता, बोलणे मिलकडे वळले. कोणी हंसाची आठवण काढली. कोणी शेठजींच्या वडिलांची तसबीर आता कुठे असेल, असे विचारले. महागूने शेवंतीचे एक फूल तोडून हातात धरले होते. दुखवट्याला बसण्यास आलेली माणसे बसण्याचे काम करूनच गेली. केवळ कोणासाठी, ते वेगळे होते.

हे सर्व तीन तास दहा मिनिटे चालले. नेमकी वेळ मला ठाऊक असण्याचे कारण असे की, कंपनीने बसवलेल्या नव्या यंत्राची प्रत्येक हालचाल तारेने हॉलंडला कळत होती. यंत्र थांबल्याची वार्ता तेथे चहाच्या आधी पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी महागूच्या नोंदवहीतील कारणही पोहोचले, आणि कंपनीच्या दप्तरी माझा मृत्यू नोंदला गेला.

नवव्या शुक्रवारी मी पत्रक उघडू गेलो तर ते उघडेना. मयत व्यवस्थापकास भावना नसतात, असे यंत्राचे धोरण होते. मी प्रियंका मॅडमना फोन करून जिवंत असल्याचे कळवले. त्या म्हणाल्या, "मुझे यकीन है, लांजेवार जी, पर सिस्टम को लिखित में चाहिए." चैतरामजींनी मोठ्या उत्साहाने अर्ज लिहिला, त्यास आधारची प्रत व त्या दिवशीचे वर्तमानपत्र हातात धरलेले माझे छायाचित्र जोडले. चार दिवसांनी मला पुन्हा जिवंत करण्यात आले. त्याबरोबरच नागपूरला भेटीस येण्याचा आदेश होता. नाव निश्चित व्हावयाचे होते.

नागपूरच्या हॉटेलात थंडी यंत्राने उत्पन्न केली होती. हेंड्रिक साहेब उंच, निळ्या डोळ्यांचे, खरोखर सज्जन गृहस्थ वाटले. त्यांनी उठून माझा हात दोन्ही हातांत घेतला. प्रियंका मॅडम प्रथमच संपूर्ण दिसल्या. त्या मला वाटल्या होत्या त्याहून बऱ्याच लहान होत्या, ज्योत्स्नाहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील, आणि फार थकलेल्या. हेमराज टेंभरे खुर्चीच्या काठावर बसले होते. आम्ही एकमेकांस 'रामराम' म्हणालो.

साहेब बोलले व मॅडमनी त्याचे हिंदी केले. खुर्ची हेमराज टेंभरे यांस देण्यात येत होती. माझ्या सेवेविषयी कंपनीस आदर होता. मला तीन महिने सल्लागार म्हणून राहण्याची विनंती होती.

मी फार शांतपणे विचारले, "मॅडम, टेंभरे जी ने फॉर्म में क्या लिखा था?"

मॅडमनी हेमराजकडे पाहिले. हेमराज कसनुसे झाले व त्या दिवशीचे त्यांचे एकमेव लांब वाक्य बोलले. "भाऊ, मी त एकई नाही भरला. उघडलाच नाही माह्याच्यानं. अन सीझन होता, येळ कोठी होता?"

"जो नहीं भरता," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टम उसको छह मान लेता है. छह मतलब स्थिर."

हेंड्रिक साहेब पुढे झुकले. त्यांनी मला काही विचारले. त्यांच्या डोळ्यांत खरी आस्था होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"सर पूछ रहे हैं, आपको इस वक्त कैसा लग रहा है?"

चार पाने माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. मी ती आणली होती; तीनशे अक्षरांची मर्यादा तेथे नव्हती. समोर विचारणारा होता, सांगणारी होती, वेळही होता. मी खिशाकडे हात नेला.

"बढ़िया, सर," मी म्हणालो.

प्रियंका मॅडमनी त्याचे इंग्रजी केले नाही. साहेबांनी पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी एकच शब्द सांगितला. तो कोणता, ते मला कळले नाही.

सोमवारी हेमराज बालाघाटला रुजू झाले. मी त्यांना गोदामे दाखवली, किल्ल्या दिल्या, कोणते कुलूप पावसाळ्यात फुगते ते सांगितले. कार्यालयात आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. मी म्हणालो, "बसा." ते म्हणाले, "तुमी बसा जी." मी म्हणालो, "आता तुमची आहे." ते म्हणाले, "असू द्या ना, भाऊ." त्यामुळे कोणीच बसले नाही. आम्ही दोघांनी उभ्यानेच चहा घेतला, आणि खुर्ची आम्हां दोघांच्या मध्ये राहिली.

तेवढ्यात महागू दारात आला. त्या दिवशीचा पहिला तांदूळ निघाला होता. प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका खेपेस भरडलेल्या धानाचा, पहिला मूठभर तांदूळ व्यवस्थापकाच्या तळहातावर ओतावयाचा, त्याने तो बोटाने पसरून, तुकडा किती व चमक कशी ते पाहून 'चालू दे' म्हणावयाचे, मगच पुढची पोती भरावयाची, अशी आमच्या मिलची चाल आहे. महागूच्या ओंजळीत गरम तांदूळ होता, त्याची वाफ दिसत होती. तो माझ्याकडे वळला, मग हेमराजकडे वळला, मग पुन्हा माझ्याकडे. वळता वळता दोन-चार दाणे खाली पडले.

माझा तळहात सवयीने पुढे आला होता. मी तो मागे घेतला आणि पाठीशी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

"त्यांना दे, महागू," मी म्हणालो. "थंड होईल."

हेमराजनी हात पुढे केला. त्यांनी तांदूळ पसरला व बराच वेळ पाहिला. तांदूळ उत्तम होता. मला तेथूनही दिसत होते. परंतु ते 'चालू दे' म्हणेपर्यंत मी एकही शब्द बोललो नाही.

एका व्यवस्थापकाच्या अंतःकरणाचे निवेदन येथे पूर्ण होते. यात अक्षरांची मर्यादा न घालता ज्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, त्या प्रत्येक वाचकाचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला,
प्रेमलाल लांजेवार
बालाघाट